डाळीच्या गोदामातला नवरदेव

“रविवारची जेवणं व्हायच्या आत माझं आडनाव प्राणिशास्त्राच्या पुस्तकात कायमचं जाऊन बसलेलं असेल!”

प्रा. पितांबर देवरे यांनी बुधवारी रात्री तोंडात टूथपेस्टचा फेस असताना ही घोषणा केली. फेसामुळे अर्धे शब्द बाहेर आले नाहीत; पण प्रमिलाबाईंना ते यायची गरजही नव्हती. गेला महिनाभर त्या आडनावाचं हेच पालुपद फेसातून, घासातून आणि झोपेतून ऐकत होत्या.

“जाऊन बसू दे,” त्या म्हणाल्या. “जाताना ती हॉर्लिक्सची बाटली माझ्या फडताळातून घेऊन जा म्हणावं.”

त्या बाटलीत एक नर होता. कोळी! घराच्या कोपऱ्यात जाळं करतो, तो.

गोष्ट नव्वद सालची. देवरे सर धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि केवलचंद शेठच्या डाळ मिलच्या आवारात, वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. मिलच्या गोदामात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्यांमागे त्यांना एक राखाडी कोळीण सापडली. पाठीवर तुरीच्या डाळीसारखा पिवळाधमक ठिपका! सरांनी सगळी पुस्तकं उलटीपालटी केली. असा ठिपका कुठेच नाही. जगाला ठाऊक नसलेली जात, आणि ती आपल्या जिन्याखाली! मुलगा मॅट्रिकला बोर्डात पहिला आल्यावर बाप चालतो, तसे सर त्या दिवसापासून चालू लागले.

पण कोळ्यांच्या व्यवहारात नुसती मादी दाखवून भागत नाही. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड हात असतात, टोकाला मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखे फुगलेले. त्या हातांची घडण प्रत्येक जातीत वेगळी. ते हात म्हणजे त्याचं रेशनकार्ड! नागपूरचे डॉ. टेंबे, कोळ्यांतले मोठे जाणकार, त्यांनी सरांना स्वच्छ कळवलं होतं : “मादी नवीन वाटते. पण नर हवा. नर ज्याचा, लेख त्याच्या जोडीने.”

आता हे ‘ज्याचा’ कुठून आलं? तर जळगावहून. तिथल्या एका कॉलेजात प्रा. रुपचंद भोळे होते. हे सरांचे एम.एस्सी.चे सोबती, आणि तेव्हापासूनचं पोटातलं दुखणं. रुपचंदांना जळगावच्या एका जिनिंगमध्ये अगदी तश्शाच माद्या सापडल्या होत्या आणि त्यांनीही टेंब्यांना माल दाखवला होता. नर मात्र त्यांच्याकडे नव्हता. पिल्लं होती, पंधरवड्यात वयात येणारी. म्हणजे हिशेब सरळ होता. देवरेंचा नर रविवारी टेंबे बघायला येईपर्यंत टिकला, तर शास्त्रात ‘देवरे’. नाही टिकला, तर ‘भोळे’. प्राण्याला नाव स्वतःचं सोडून कुणाचंही द्या, त्याच्या शेपटाला वर्णन करणाऱ्याचं आडनाव लागतं आणि ते जग बुडेपर्यंत निघत नाही. सरांना त्या शेपटात बसायचं होतं.

“मग टाका की त्याला स्पिरिटमध्ये आत्ताच!” असं कुणीही म्हणेल. प्रमिलाबाईही म्हणाल्या. पण तिथेच गोम होती.

बुधवारी नर सापडला, तेव्हा जैनांचं पर्युषण चालू होतं. केवलचंद शेठच्या आवारात त्या आठ दिवसांत मिल बंद, कांदा-लसूण बंद, रात्रीचं जेवण बंद. सर बाटली घेऊन थप्पीमागून बाहेर आले ते थेट शेठच्या पोटावर आदळले.

“काय आहे सर?”

“कोळी. नर!” सरांचा आवाज फुटला. “शेठ, जगातला पहिला!”

“वा! आणि आता याचं काय करणार?”

सर खोटं बोलायला तयार नव्हते, म्हणजे त्यांना सुचलं नाही. “स्पिरिटमध्ये ठेवायचा. शास्त्राची रीत आहे.”

शेठनी डोळे मिटले. “देवरेसाब, शनिवारी संवत्सरी. तोवर या आवारातला जीव मारायचा नाही. बाहेर नेऊनसुद्धा नाही. माझ्या गोदामात जन्मला, म्हणजे माझ्या छत्राखाली. शब्द द्या, नाहीतर थप्पीमागे सोडा त्याला.”

सरांनी शब्द दिला. देणार नाहीत तर काय! गोदामाची किल्ली शेठकडे होती. शिवाय शेठनी जाता जाता खांद्यावर हात ठेवून विचारलंच, “नाव कुणाचं देणार म्हणालात त्याला?” आणि सर घाईत बोलून बसले, “तुमचंच शेठ! केवलचंदी!”

शेठ प्रसन्न झाले. सर जिना अर्धा चढल्यावर त्यांना आठवलं, की हा नावाचा मान आपण गेल्या महिन्यात सासऱ्यांना देऊन टाकलंय. कापडण्याचे झुलाल आबा! जावई काहीतरी जगावेगळं करतोय, याचा आबांना इतका आनंद झाला होता, की सरांना ‘झुलाली’ म्हणावंच लागलं. एकच प्लॉट दोघांना विकणाऱ्या माणसासारखे सर उरलेला जिना चढले.

तर आता चार दिवस तो नर जिवंत ठेवायचा होता. एका हॉर्लिक्सच्या बाटलीत नर, शेजारच्या बाटलीत मादी, दोन्हींच्या तोंडाला मलमलचं फडकं. सर दर तासाला उठून बघत. नर हलला नाही की सरांच्या छातीत धडधड, आणि फार हलला तरी धडधड. गल्लीतल्या गणपतीच्या मांडवात लाउडस्पीकर तपासायला सुरुवात झाली तसा नर बाटलीच्या तळाशी पाय दुमडून बसला. सरांनी बाटली रजईत गुंडाळली आणि स्वतः उकडत बसले.

“तुमच्या आईला ताप आला होता, तेव्हा एवढं केलं नव्हतं तुम्ही,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“आई नवीन जात नव्हती!”

गुरुवारी सूरजबाई वर आल्या. शेठच्या पत्नी. उपास चालू होता तरी चेहरा टवटवीत, हातात वाटी.

“माट्साब, जिवाला काही दिलं का खायला? मी साखरेचं पाणी आणलंय.”

“ते साखर खात नाहीत बाई.”

“मग मूगडाळीचा हलवा?”

“माश्या खातात. जिवंत.”

सूरजबाई दोन पावलं मागे सरल्या. “म्हणजे एक जीव जगवायला दुसरा मारायचा? पजूसणात? माझ्या घरात?”

“मी कुठं मारणार? तो मारणार!”

“टाकणार कोण?”

सरांना सकाळी खिडकीत पकडून ठेवलेली माशी सूरजबाईंच्या देखत उडवून द्यावी लागली. माशी गेली, आणि मादी बाटलीतून तिच्याकडे ज्या नजरेने पाहत राहिली, ती नजर सरांनी बघितली असती तर पुढचं टळलं असतं. पण सर नराकडे बघत होते. जगातले सगळे नर त्या वेळी त्यांना एकाच बाटलीत दिसत होते.

“उपास घडतोय दोघांना,” सूरजबाई समाधानाने म्हणाल्या. “पुण्य लागेल त्यांना.”

शुक्रवारी जळगावहून फोन आला. मिलच्या ऑफिसात. शेठनी खालून हाक मारली आणि सर जिन्यावरून एका पायात चप्पल घालून धावले.

“पितांबर!” पलीकडून रुपचंदांचा मध लावलेला आवाज. “अरे, टेंबेसाहेब माझ्याकडेच उतरलेत. रविवारी सकाळच्या गाडीने पारोळ्यावरून तुझ्याकडे येतील. म्हातारा माणूस, एकटं कसं पाठवायचं? मीही येतो सोबत. नर बराय ना?”

“ठणठणीत!”

“जप हं. नाजूक असतात. माझा एक कोळी गेल्या वर्षी असाच गेला, नुसतं शिंकलो तर.”

त्यानंतर सर शनिवारी दुपारपर्यंत शिंकले नाहीत. एकदा आलेली शिंक त्यांनी गिळली आणि डोळ्यांतून बाहेर काढली.

शनिवारी संवत्सरी. सगळ्यांनी एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. शेठनी हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटलं, भाडेकरूंनी शेठला म्हटलं, जिनं वर्षभर दूध पातळ घातलं त्या गवळणीलाही सूरजबाईंनी म्हटलं. संध्याकाळी त्या वर आल्या आणि फडताळासमोर उभ्या राहून दोन्ही बाटल्यांना त्यांनी हात जोडले.

“जाणता-अजाणता मन दुखावलं असेल, तर क्षमा करा.” मग सरांकडे वळून हळूच, “उद्या याला... त्या दारूत?”

“स्पिरिटमध्ये. उद्या पजूसण संपतं ना?”

“संपतं,” सूरजबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. “बिचारा. शेजारी बायको, आणि मधे काच.”

सरांना हे वाक्य गोड वाटलं. धोक्याचं वाटलं नाही. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं. त्याला धोका फक्त जळगावकडून येतो असं वाटत असतं.

रविवार उजाडला! नर जिवंत! पाय मोजून बघितले, सगळे जागेवर. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. “मी स्टँडवर जातो. येताना कॉलेजातून सूक्ष्मदर्शक आणि स्पिरिट आणतो. बाटल्यांना कुणी हात लावायचा नाही!”

“मी तर त्या फडताळाला हात लावणं सोडलंय. साखर शेजारून आणतेय,” प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि पोह्यांसाठी कांदे आणायला बाजाराकडे निघाल्या. दार नुसतं लोटून.

स्टँडवर जळगावची गाडी यायला उशीर होता. आधी उतरले कापडण्याच्या गाडीतून झुलाल आबा. फेटा, नवं धोतर, तोंडात अहिराणी, सोबत गावातले चारपाच जण.

“जवाईबापू! नामकरण कव्हय शे? बठ्ठा गावले मी सांगी ठेयेल शे!”

“आबा, गावभर सांगून एवढी माणसं कशाला...”

“साक्षीदार नको? उद्या कोनी म्हनी, झुलाल खोटं बोलना!”

मग जळगावची गाडी लागली. डॉ. टेंबे उतरले. काटकुळे, गळ्यात दोरीला भिंग, बोलण्यात काटकसर. मागून रुपचंद, सफारी सूट घालून, जणू लग्नाला आले होते.

“नर?” टेंबे म्हणाले.

“घरी आहे. जिवंत. धडधाकट!”

“बघू.”

कॉलेजातून सामान घेऊन ही वरात आवारात शिरली, तेव्हा केवलचंद शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत दारातच उभे होते. “आज आमच्या नावाचा दिवस!” असं ते झुलाल आबांना म्हणाले. “आमना नावना!” असं आबा त्यांना म्हणाले. दोघं एकमेकांकडे बघून हसले. आपल्याला शुभेच्छा मिळाल्या, असं दोघांनाही वाटलं. सरांनी दोघांच्या मध्ये सूक्ष्मदर्शकाची पेटी घुसवली. नर आधी, नाव मग! त्यांनी सगळ्यांना जिन्याकडे लोटलं.

वर सूरजबाई फडताळाशी उभ्या होत्या. चेहऱ्यावर लग्न लावून दिलेल्या आत्याबाईंचं समाधान.

एक बाटली रिकामी होती.

सरांना आधी काही कळलंच नाही. माणूस खिशात पाकीट नसल्यावर आधी दुसऱ्या खिशात बघतो, तसं त्यांनी बाटलीच्या मागे बघितलं, खाली बघितलं, प्रमिलाबाईंच्या साखरेच्या डब्यात बघितलं.

“नर कुठाय?”

“इकडे आहे ना!” सूरजबाई दुसरी बाटली पुढे करत म्हणाल्या. “मीच ठेवला. शेवटचा दिवस त्याचा. म्हटलं, घडीभर तरी जोडीनं राहू दे. किती पटकन गेला हो तिच्याकडे!”



सगळी डोकी बाटलीवर वाकली. आत मादी मधोमध बसली होती, टम्म. चार दिवसांचा उपास तिने सोडला होता! तिच्या पुढ्यात जाळ्याच्या धाग्यांत गुंडाळलेलं एक इवलंसं गाठोडं होतं, आणि त्यातून एक पाय बाहेर आलेला होता.

“आरे बापरे!” झुलाल आबा म्हणाले. “हाई ते खाई गयी ना त्याले!”

“कुणाला?” सूरजबाईंनी विचारलं.

“नवराले!”

सूरजबाई मटकन खाली बसल्या. “माट्साब! ती नवऱ्याला खाते, हे तुम्ही आधी सांगायचं नाही?”

“तुम्ही लग्न लावणार आहात, हे तुम्ही आधी सांगायचं नाही?” सर किंचाळले.

“माझ्या घरात हत्या,” शेठ भिंतीला टेकत पुटपुटले. “आणि तीही संवत्सरीच्या दुसऱ्या सकाळी!”

“मी तेला करते,” सूरजबाई रडत म्हणाल्या. “तीन दिवस पाण्यावर राहते!”

“तिलाही चार दिवस तुम्हीच उपाशी ठेवलं होतं,” दारातून कांद्यांची पिशवी घेऊन आलेल्या प्रमिलाबाई म्हणाल्या. “उपाशी बाईपुढे नवरा ठेवलात. दुसरं काय होणार?”

रुपचंदांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. एवढा मऊ हात त्यांनी आयुष्यात कुणाच्या पाठीवर ठेवला नसेल. “पितांबर, वाईट वाटून घेऊ नकोस. शास्त्रात असं होतं. माझी पिल्लं पंधरवड्यात वयात येतील. टेंबेसाहेब, मग मी नागपूरला नर घेऊन...”

“चिमटा,” टेंबे म्हणाले.

प्रमिलाबाईंनीच सामानाच्या पेटीतून चिमटा काढून दिला. टेंब्यांनी मादीला पुठ्ठ्याने बाजूला सारलं, गाठोडं उचललं, बशीत स्पिरिटच्या थेंबात सोडलं आणि सुईने एकेक धागा उलगडायला सुरुवात केली. आबांच्या गावकऱ्यांपैकी एक जण खोकला, तर आबांनी त्याला कोपराने ढोसलं. पाय निघाला. दुसरा पाय निघाला. मग पोटाचं नुसतं चुरगळलेलं कातडं निघालं, आणि सरांनी तोंड फिरवलं.

टेंब्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लावला तो काढेचनात. रुपचंद घड्याळात बघत होते. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते आणि त्यांना एकही तारीख दिसत नव्हती.

“पोट गेलं,” टेंबे म्हणाले.

“हो,” सर म्हणाले.

“डोकं अर्धं गेलं.”

“हो.”

“पोटाशी मला काय करायचंय?” टेंब्यांनी मान वर केली. “हात शाबूत आहे. तो टणक असतो, तिला चावता आला नाही. आणि असा हात मी आजवर पाहिलेला नाही. अभिनंदन देवरे. नवीन आहे!”

सर सूरजबाईंच्या शेजारी खाली बसले आणि दोघंही रडू लागले. एक पापाने, एक आनंदाने. रुपचंदांचा हात पाठीवरून निघून सफारीच्या खिशात गेला.

“लेख तुमच्या-माझ्या जोडीने,” टेंबे म्हणाले. “नाव सांगा. टिपून घेतो.”

दोन गिऱ्हाइकं समोर, माल एक! सर डोळे मिटून म्हणाले, “केवल...”

“नको!” शेठ ओरडले. “देवरेसाब, हात जोडतो! ज्याची माझ्या घरात हत्या झाली, त्याला माझं नाव? पुस्तकात? कायमचं?”

सरांनी डोळे उघडले. नशीब एवढं उदार असतं, यावर त्यांचा विश्वास बसेना. “मग आबा, ठरल्याप्रमाणे झुला...”

“काढा, काढा मन्हं नाव!” आबांचा फेटा सुटला. “बायकोनी खाई टाकेल गडीले झुलाल म्हनतस? चावडीवर तोंड कसं दखाडू मी? आन तुम्ही बठ्ठा कशाले उनात रे?” हे शेवटचं गावकऱ्यांना, ज्यांना त्यांनी स्वतःच आणलं होतं. गावकरी हसू दाबत जिन्याकडे बघत होते. बातमी कापडण्याला आबांच्या आधी पोचणार, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“प्रमिला?” सरांनी आशेने विचारलं.

“नवरा खाणारीला माझं नाव?” प्रमिलाबाई म्हणाल्या. “लोक तुमच्याकडे बघून हिशेब जुळवतील.”

“टेंबेसाहेब, तुमचं?”

“माझी बायको माझे लेख वाचते.”

सकाळपर्यंत ज्या नावासाठी ओढाताण होती, ते आता खोलीभर फिरून परत सरांच्या पदरात पडलं होतं. तेवढ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. रुपचंद! खुर्चीत मागे रेलून, पोट धरून, सफारीची बटणं ताणून हसत होते. “पितांबर, तुझ्या कोळ्याला कुणी वाली नाही रे!”

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग चेहऱ्यावर साधूसारखी शांती आणून म्हणाले, “लिहा साहेब. रुपचंदी. माझे सोबती प्रा. रुपचंद भोळे यांना, कृतज्ञतापूर्वक!”

टेंब्यांनी टिपून घेतलं. रुपचंदांचं हसू तोंडावरच वाळलं. त्या दुपारी पोह्यांच्या चार बश्या एकट्या देवरे सरांनी संपवल्या.

लेख पुढल्या वर्षी छापून आला. सर वाट बघत होते, की आता जळगावहून कडू शब्दांचा फोन येईल. आली सत्काराची निमंत्रणपत्रिका! ‘जळगावच्या सुपुत्राचे नाव जागतिक प्राणिशास्त्रात!’ बायकोने खाल्लेला नर वगैरे भानगड पत्रिकेत कुठेच नव्हती. वर्तमानपत्रात रुपचंदांचा फोटो, कोळ्याचा फोटो, आणि खाली दोघांचं मिळून एकच नाव. कोळ्याच्या मागे लागलेलं ‘देवरे’ हे आडनाव जागेअभावी गाळलं होतं.

सभागृह खचाखच भरलेलं. प्राचार्य, नगरसेवक, जिनिंगचे मालक. हार घालायला धुळ्याहून मुद्दाम बोलावलेले पाहुणे म्हणजे आपले पितांबर देवरे. त्यांनी हार घातला, तेव्हा रुपचंदांनी त्यांना मिठी मारली. खरोखरची. डोळ्यांत पाणी होतं.

“पितांबर,” ते कानाशी म्हणाले, “खोटं नाही बोलत. तुझ्या जागी मी असतो ना, तर तुझं नाव कधीच दिलं नसतं!”

परतीच्या गाडीत पारोळा मागे पडला. मांडीवर सत्काराच्या पेढ्यांचा पुडा होता. प्रमिलाबाईंनी त्यातला एक पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “मग? उगवला का सूड?”

“खिडकी लाव,” देवरे सर म्हणाले. “वारा येतोय.”